पोचल्याचा मिस्ड कॉल

४ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही तिघंही मजेत. तुमचे बंधुराज मजेत, आई मजेत, आणि मी तर काय, मजेतच असते. तुमचं पत्र काल आलं. अक्षर अगदी फळ्यावर लिहिल्यासारखं, त्यामुळे वाचताना मी आपोआप ताठ बसले आणि चहाचा कप बाजूला ठेवला. हेडबाईंचं पत्र लोळत वाचायची माझी अजून छाती होत नाही.

फोन असताना या दोघी पत्रं कसली लिहितात म्हणून तुमचा भाऊ हसतो. हसू दे. फोनवर काय होतं? आई मधोमध बसलेल्या, स्पीकर चालू, मागून यांचं "मला बोलू दे, मला बोलू दे", आणि सगळं मिळून "बरं आहे, जेवलात का, बरं आहे" यापुढे गाडी सरकत नाही. आपलं खरं बोलणं लग्नापासून कागदावरच झालंय.

तर तुमचा प्रश्न. "आईला तिकडे परदेशात जाऊन चार महिने झाले. आता खरं सांग, राहायला तिकडचं बरं की इकडचं? पाल्हाळ नको." वन्सं, मला पाल्हाळ नको म्हणणं म्हणजे तोंडाला कुलूपच की. मुद्देसूद उत्तरं तुमच्या शाळेतल्या मुलांनी लिहावीत. मी आपली सुचेल तसं सांगते.

इकडचं कौतुक आधी उरकते. नळ सोडला की गरम पाणी, कधीही. वीज जात नाही. रस्ता ओलांडायला नुसतं पाऊल पुढे टाकलं की मोटारी थांबतात आणि आत बसलेला माणूस वर हसतो. पहिल्या दिवशी मोटार थांबलेली बघून आई घाबरून मागे फिरल्या. म्हणाल्या, "याला आपल्याकडून काय हवंय?"

आता तिकडचं. गेल्या महिन्यात मला इकडे सणकून ताप आला होता. डॉक्टरची वेळ मागितली तर ती मिळाली पुढच्या महिन्यातली. तोवर मी बरी होऊन कामावर रुजूसुद्धा झाले. तुमचे डॉक्टर बॅग घेऊन दोन जिने चढून येतात, आईंना तपासतात आणि उतरताना खालच्या काकूंचं बीपी बघून जातात, शिवाय त्यांच्याकडे चहाही पितात. हे इकडे कुणाला सांगितलं तर मी थापा मारते असं वाटेल. ताप होता तेव्हा आई उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. दोन दिवसांत बेल एकदाही वाजली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, माणसं कुठे आहेत सगळी?"

माणसं आहेत हो, पण आपापल्या दारामागे. माझ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात मी आणि एक बाई मिळून चादरींच्या घड्या घालतो. दोन टोकं माझ्याकडे, दोन तिच्याकडे. झटकायची, जुळवायची, पुढे जाऊन तिच्या हातात द्यायची. चार वर्षं झाली. तिचे हात मला माझ्या हातांइतके ओळखीचे आहेत. तिला मुलं किती, हे मला अजून माहीत नाही.

यावरून शेजारच्या दाढीवाल्याची गोष्ट सांगायलाच हवी. फोनवर आईंनी तुम्हाला सांगितली नसणार, कारण त्यात त्यांचीच फजिती आहे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक दाढीवाला राहतो. एकटा. दिवसभर घरातच कॉम्प्युटरवर काम. आई आल्या त्याच महिन्यातली गोष्ट. एका सकाळी चहा पिता पिता शांतपणे म्हणाल्या, "शेजारचा गेला बरं का." मी विचारलं, "कुठे?" तर बोट वर. म्हटलं, अहो काहीतरीच! तर म्हणाल्या, "तीन दिवस झाले, दार उघडलं नाही. भांडं वाजत नाही. खोकला नाही. दाराशी खोकं पडलंय ते तसंच. जिवंत माणसाचं घर असं असतं होय?" मी म्हटलं, इकडे असंच असतं, आई. आणि गेले कामावर.

त्या ऐकतात थोड्याच! बेल वाजवली, दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. मग लिफ्टने खाली जाऊन इमारतीच्या केअरटेकरला हाताला धरून वर आणलं. भाषा येत नाही, म्हणून अभिनय केला: डोळे मिटले, हात छातीवर जुळवले, मान टाकली. अभिनय इतका फर्मास झाला असावा की तो बिचारा पांढराफटक पडला आणि त्याने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत दाढीवाला चड्डीवर, कानावर हेडफोन, हातात वाडगा, तोंडात घास. आई म्हणाल्या, "जिवंत आहेस होय! मग ओ द्यायला काय झालं?" आणि आपल्या भाषेत त्याची अशी काही खरडपट्टी काढली की तो वाडगा घेऊन उभाच राहिला.

संध्याकाळी मी शरमेने अर्धमेली होऊन फळं घेऊन माफी मागायला गेले. तो म्हणाला, "इतकी वर्षं राहतोय इथे. मी मेलोय का हे बघायला आजवर कुणी आलं नव्हतं." आणि त्याचे डोळे भरले हो, वन्सं. हे आईंना सांगितलं तर त्यांनी लगेच कायदा केला. सकाळी उठलं की त्याने भिंतीवर दोनदा टकटक करायची, आईंनी उलट दोनदा करायची. संपलं. बोलायची गरज नाही. आता रोज सकाळी टकटक होते आणि मगच आमच्याकडे चहाचं आधण चढतं.

ही युक्ती कुठून आली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमचाच मिस्ड कॉल! शाळेत पोचलात की एक रिंग द्यायची आणि आईंनी ती कापायची. इतक्या वर्षांत एकदाही फोन उचलला नाही त्यांनी तुमचा त्या वेळी. तुम्ही पोचलात हे आईंना कळलं, आईंचं बरं चाललंय हे तुम्हाला कळलं. इकडे तेव्हा पहाट असते, तरी उशाशी फोन ठेवून झोपतात आणि रिंग आली की अर्ध्या झोपेत कापतात.

तुम्ही आईंची खोली रंगवून घेतलीत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलात, हे वाचून दाखवलं. त्या "बरं झालं" म्हणाल्या.

पत्र फार लांबलं. पाल्हाळ नको म्हणाला होतात. कणीक मळायची राहिली आहे, म्हणून थांबते.

तुमची आज्ञाधारक (बऱ्याचदा),
भावजय


२ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पकडलंत. "चार पानं लिहिलीस, दाढीवाल्याची चड्डीसुद्धा लिहिलीस, आणि आई परत कधी येते यावर एक ओळ नाही. काय लपवते आहेस?" पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. तुमच्या वर्गातली पोरं कशी जगतात कोण जाणे!

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. प्रत्येक वेळी हवापाण्यातच अडकले. आता हवापाणी नाही.

आईंना परत यायचं नाही.

लिहिलं एकदाचं.

खोली रंगवल्याचं पहिल्यांदा तुम्ही फोनवर सांगितलंत, त्या दिवशीची गोष्ट. आई तुमच्याशी छान बोलल्या, फोन ठेवला, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही जेवत होतो. मागे न बघताच म्हणाल्या, "मला नाही जायचं." मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून मी हसले. तुमच्या भावाचा घास तोंडातच राहिला.

मी तुमच्या बाजूने भांडले, वन्सं. खरंच भांडले. म्हटलं, "आई, तिकडे वन्सं आहेत. गॅलरीत बसलात की सगळी गल्ली तुमच्याशी बोलते. भाजीवाली खालून हाका मारते, खालच्या काकू दिवसातून चारदा वर येतात. इकडे आहे काय?"

"रस्ता आहे," त्या म्हणाल्या.

मला काही उमजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण यात मी माझं काही घातलं असं तुम्हाला वाटायला नको. "तिकडे दोन जिने. खाली उतरलं की फूटपाथ खणलेला. तो ओलांडला की बसची पायरी माझ्या कमरेएवढी. दोन वर्षांत मी खाली उतरले ती खुर्चीत बसून, चार जणांच्या खांद्यावरून, दवाखान्यात जायला. भाजी दारात, डॉक्टर दारात, सगळं दारात. थोरली मला फुलासारखं जपते. शाळेतून दमून येते आणि माझे पाय चेपते. मला कंटाळा आलाय गं, फुलासारखं राहायचा."

आणि इकडे काय होतं ते मी तुम्हाला इतके दिवस सांगितलं नाही, ते आता ऐका. लिफ्टने खाली. फूटपाथ घरातल्या फरशीसारखा सपाट. थांब्यावर बस आली की ती आईंसाठी फुस्स करून खाली बसते. तुमचा भाऊ ज्या बसवर ड्रायव्हर आहे, त्या बसमध्ये बसून आई पहिल्यांदा फिरल्या. ड्रायव्हरशी बोलायचं नाही अशी पाटी लावलेली आहे. आई पुढच्या सीटवर बसून अख्खा रस्ता, "हळू घे. डबा खाल्लास का? ती बघ बाई पळत येतेय, थांब जरा." हे घरी येऊन डोकं धरून बसले.

मग एके दिवशी मी कामावरून आले तर आई घरात नाहीत. फोन घरातच. मी सगळा रस्ता पालथा घातला, यांना फोन केला, दाढीवाल्याला उठवला, तो बिचारा चपला न घालता खाली धावला. आणि चारच्या सुमाराला आई कोपऱ्यावरून चालत येताना दिसल्या, हातात हा एवढा कोबीचा गड्डा. मी रडकुंडीला आलेली. त्यांचा चेहरा मात्र असा काही खुललेला! म्हणाल्या, "हरवले होते गं. दोनदा हरवले. किती वर्षांनी!"

त्यानंतर त्या रोज बाहेर जातात. मंगळवारी आणि शुक्रवारी पोहण्याच्या तलावात म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवायचा वर्ग असतो, तिथे जातात. गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा वेष आणला. आरशात बघून म्हणाल्या, "बेडूक दिसते मी," आणि तसाच घालून आधी दाढीवाल्याला दाखवून आल्या. पाण्यात म्हणे गुडघ्यांवर भारच येत नाही. परवा हात सोडून तरंगल्या. मी काठावर उभी होते. इतक्या मोठ्याने हसल्या की शिकवणारी मुलगी दचकली.

मी म्हटलं, आई, हे सगळं तुम्हीच वन्संना सांगा. तर म्हणाल्या, "मी सांगितलं की ती 'बरं' म्हणेल आणि आतल्या आत झुरत बसेल. माझ्यावर तिला चिडता येत नाही. तू सांग. तुझ्यावर आरडाओरडा करील आणि मोकळी होईल. भावजय असते कशाला?" बघा, कसं कामाला लावलंय मला.

वन्सं, तुमच्या मायेत काही कमी नव्हतं. कमी होतं ते जिन्यात, फूटपाथमध्ये आणि बसच्या पायरीत. तुम्ही एकटीने नोकरी करून जे केलंत, ते आमच्या हातून झालं नसतं. तुमच्या जागी मी असते तर आईंना दोन वर्षांत भांडून भांडून बेजार केलं असतं.

आणि आता माझंही सांगून टाकते, नाहीतर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. त्या येणार म्हटल्यावर मी कपाळाला हात लावला होता. सहा महिने सासू! आणि आता मलाच त्यांना सोडवत नाही. यांच्या पाळ्या वेड्यावाकड्या, इतकी वर्षं मी कामावरून येऊन स्वतःच कुलूप उघडलं, स्वतःच दिवा लावला. आता किल्ली लावायच्या आत आतून "आलीस?" असं ऐकू येतं. मला ते हवं आहे. तुमची आई मला हवी आहे, वन्सं. आता करा काय आरडाओरडा करायचा तो.

राहायची परवानगी वाढवून मिळते, यांनी चौकशी केली आहे. पण वीस ऑक्टोबरचं तिकीट अजून तसंच ठेवलंय. आईंनी बजावलंय, "सगळं खरं लिही. ते वाचूनही थोरली ये म्हणाली, तर मी जाईन. नाराज होऊन नाही, हसत जाईन." म्हणजे आता सगळं तुमच्या हातात आहे.

तुमची (अजून असले तर),
भावजय


९ ऑक्टोबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आज पहाटे तुम्ही एक रिंग दिलीत. तुमच्या बाजूला काय झालं असेल, फोन वाजला, कापला गेला, टूं टूं. इकडे काय झालं ते तुम्हाला कसं कळणार? म्हणून कामावर जायच्या आधी घाईघाईने लिहिते आहे. अक्षराला मार्क कापू नका.

माझं पत्र तुम्हाला कधी मिळालं ते आम्हाला लगेच कळलं. त्या दिवशी पहाटे फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं तर आई उजाडायच्या आत उठून, पलंगावर फोन मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "शाळेला सुट्टी असेल." मी म्हटलं, असेल.

यांनी तुम्हाला फोन केला तर तुम्ही "परीक्षा चालू आहेत, कामात आहे" म्हणून ठेवून दिलात. एवढी परीक्षा तर आमची चालली होती!

मग परवा तुमचा यांना निरोप आला. "तिकीट रद्द कर." बस्स, तीन शब्द. मी नाचायच्या बेतात होते. पण आईंनी यांच्या हातातून फोन घेतला, चष्मा लावून तीन-तीनदा वाचला आणि विचारलं, "रागाने म्हणतेय की मनापासून?" आता तीन शब्दांत काय कळणार? वन्सं, एवढी पाल्हाळाची नावड बरी नव्हे.

काल संध्याकाळी मी घरी आले. "आलीस?" ऐकू आलं नाही. खोलीत बघते तर आईंनी पलंगाखालची बॅग ओढून काढलेली, कपड्यांच्या घड्या घातलेल्या. बेडकाचा वेष घडी करून बाजूला ठेवलेला, "हा दे कुणाला तरी." मी चिडले. म्हटलं, आई, तिकीट रद्द कर म्हणाल्या आहेत ना त्या? तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लेक रुसून बसलीय आणि मी काय तलावात तरंगत बसू? तिने तोंडाने सोडलंय मला, मनाने सोडलेलं नाही. सोडलं असतं तर पोचल्याचं कळवलं असतं." मग मीच बसून उरलेल्या घड्या घातल्या. ते एक काम मला चांगलं येतं.

आणि आज पहाटे फोन वाजला.

मी पलीकडच्या खोलीतून धावत गेले. आई झोपेतच होत्या. हात उशीखाली गेला, बोट फिरलं, आणि कापला! इतक्या वर्षांची सवय. मग डोळे उघडले, उठून बसल्या, फोनकडे बघितलं आणि ओरडल्या, "अगं, थोरलीचा होता! कापला मी!"

मी म्हटलं, द्या इकडे, मी लावून देते परत, बोला चांगलं पोटभर. मला वाटलं आता रडतील. तर त्यांनी फोन छातीशी धरला आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, "नको, लावू नकोस. कळलं तिला. ती पोचली, मी आहे."

मग मी रडले. आपल्या घरात कुणीतरी रडायला हवंच होतं. तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली, दोनदा. आमचा आरडाओरडा ऐकून दाढीवाला आज लवकर उठला असावा. आईंनी उलट दोनदा केली, आणि रोजच्यासारखं मला म्हणाल्या, "आधण ठेव."

बॅगेतले कपडे परत कपाटात गेले आहेत. तुमचा भाऊ आज तिकीट रद्द करील. रंगवलेली खोली मात्र बंद ठेवू नका. उजेड चांगला येतो तिथे, तुमचं वह्या तपासायचं टेबल तिकडे हलवा. हे माझं नाही, आईंचं म्हणणं आहे. तुम्ही इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वह्या तपासता, हे त्या गॅलरीत बसून बघत होत्या म्हणे.

आणि दुसरा निरोप. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही इकडे यायचं आहे. मी म्हटलं, मी रजा घेते, वन्संना सगळं दाखवायला हवं. तर आई म्हणाल्या, "तू कशाला? मी आहे की. मी फिरवीन तिला बसने. तिला म्हणावं, हरवायची भीती वाटली तर माझा हात धर."

आता निघते, यांची बस चुकली तर हे थांबायचे नाहीत. आई बसमध्ये असल्या तरच थांबतात. उद्या पहाटे रिंग द्या. फोन उशाशीच आहे.

तुमची,
चिडायला कायम हक्काची,
भावजय